ती जमीन रिकामी नव्हती

(द्वितीय वर्ष, कला)

"मोठ्या कामासाठी थोड्या लोकांनी त्याग केलाच पाहिजे," हे वाक्य वक्तृत्व स्पर्धेत हमखास टाळ्या मिळवते. विषय धरणाचा असो, खाणीचा असो की महामार्गाचा, आवाज चढला की हे वाक्य येते आणि परीक्षक मान डोलावतात. मला या वाक्यात लबाडी दिसते. त्याग हा शब्द ज्याचा त्याने स्वतःच्या बाबतीत वापरायचा असतो. दुसऱ्याच्या घराबद्दल आणि दुसऱ्याच्या नदीबद्दल आपणच परस्पर तो वापरू लागलो, तर त्या कृत्याला साध्या मराठीत वेगळा शब्द आहे.

उदाहरण जवळचे घेतले की गोंधळ होतो. धरण कोणत्या पक्षाच्या काळात झाले, उठलेली गावे कोणाची, पाणी कोणत्या तालुक्याला गेले, असे फाटे फुटतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. म्हणून मी मुद्दाम फार दूरचे उदाहरण घेते. तेथे आपले सोयरे नाहीत, आपल्या शेतात तेथले पाणी येत नाही. न्याय करायला आपण मोकळे आहोत.

कॅनडाच्या नकाशात वरच्या बाजूला हडसन उपसागर आहे. त्याचे दक्षिणेकडे उतरलेले टोक म्हणजे जेम्स उपसागर. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वेबेक प्रांतात, ला ग्रांद नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एक बेट आहे आणि त्या बेटावर फोर्ट जॉर्ज नावाचे गाव होते. 'होते' असे म्हणते, कारण १९७९ ते १९८१ या काळात ते गाव तेथून हलवून नदीच्या दक्षिण काठावर, थोडे वरच्या अंगाला बसवण्यात आले. नव्या गावाचे नाव चिसासिबी, म्हणजे मोठी नदी. आज तेथे पाच हजारांच्या आसपास वस्ती आहे. हे लोक क्री जमातीचे. क्री ही कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी एक फार मोठी जमात. पूर्वेकडचे क्री आपल्या मुलखाला ईयू इस्ची म्हणतात. अर्थ साधा आहे, 'माणसांची भूमी'.

वर्षातले निम्म्याहून अधिक महिने तेथे बर्फाचे. शेती नाही. शिकार, मासेमारी आणि सापळे लावून बीव्हर नावाचा पाण्यातला प्राणी धरणे, यावर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले. 'शिकारी लोक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाला घेऊन धावणारी माणसे येतात. प्रत्यक्षात हे काम एखाद्या कसलेल्या शेतकऱ्याइतके हिशेबाचे आहे. सगळा मुलूख शिकारीच्या हद्दींमध्ये वाटलेला असून अशा सुमारे तीनशे हद्दी आहेत. प्रत्येक हद्दीला एक जाणता राखणदार असतो. त्याला टॅलीमन म्हणतात. हे नाव बीव्हरची घरटी मोजण्याच्या सरकारी कामावरून अलीकडे, गेल्या शतकात पडले. जबाबदारी मात्र जुनी आहे. कोणत्या ओढ्यावर बीव्हरची किती कुटुंबे आहेत, यंदा कोठे सापळे लावायचे, कोणता भाग काही वर्षे तसाच सोडायचा, हे तो ठरवतो. आपल्याकडे जमीन पड ठेवतात, तसेच हे.

वसंतात दक्षिणेकडून रानहंसांचे थवे येतात. त्या वेळी किनाऱ्यावर कोणी कोठे बसायचे आणि केव्हा बार काढायचा, हेही एक अनुभवी माणूस सांगतो. वारा पडलेला असेल तर बंदूक उडवायची नाही, कारण शांत हवेत आवाज लांब जातो आणि हंस ती जागा सोडून देतात. अंधार पडल्यावरही नाही. मिळालेला हंस तंबूत विस्तवाशेजारी दोरीला टांगून हळूहळू फिरवत भाजतात. मूल चालू लागले की त्याचा एक विधी करतात. तोवर त्याने बाहेर स्वतःच्या पायांनी पाऊल टाकायचे नसते. एके दिवशी पहाटे त्याला तंबूच्या दारातून बाहेर चालवत नेतात. मुलाच्या हाती लाकडाची छोटी बंदूक, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड. माणसाचे जमिनीशी पहिले नाते लागते ते असे, सगळ्या नातेवाइकांदेखत.

कॅरिबूची हकीकत मला या सगळ्यात मोलाची वाटते. कॅरिबू म्हणजे तिकडचे मोठे हरीण. १९१० च्या सुमारास या भागातून कॅरिबूंचे कळप दिसेनासे झाले ते पुढे सुमारे सत्तर वर्षे. १९८० नंतर ते पुन्हा चिसासिबीच्या मुलखात आले. तोवर धरणाचे रस्ते झाले होते, हाती चांगल्या बंदुका होत्या, आणि १९८३-८४ च्या हिवाळ्यात तरुण शिकाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला बेसुमार शिकार केली. कित्येक जनावरे जखमी होऊन पळाली, मांस वाया गेले. तेव्हा गावातल्या वृद्धांनी सभा भरवली. त्यांनी कोणाला दंड केला नाही की कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांच्या वेळी कॅनियापिस्काऊ नदीवरच्या लाइमस्टोन धबधब्यापाशी नव्याने आलेल्या बंदुकांनी अशीच कत्तल झाली होती, मेलेली जनावरे नदीत कुजली होती, आणि त्यानंतर कॅरिबू गेले ते गेलेच. जो प्राण्याचा मान ठेवत नाही त्याच्याकडे प्राणी येत नाहीत, असे हे लोक मानतात. पुढच्या हिवाळ्यात शिकार शिस्तीने झाली. वाया काही गेले नाही.

सत्तर वर्षे एक गोष्ट तोंडातोंडी जपली गेली आणि वेळ आल्यावर नेमकी वापरली गेली. आपल्या ग्रंथालयातल्या किती पुस्तकांबद्दल असे म्हणता येईल?

आता दुसरी बाजू. हा मुलूख बाहेरच्यांच्या लेखी 'रिकामा' कसा झाला, याची कथा आपल्या इतिहासाच्या पुस्तकाला अगदी लागून आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, हे आपण शाळेत पाठ केले आहे. त्याच १६६८ साली लंडनहून निघालेले 'नॉनसच' नावाचे जहाज जेम्स उपसागरात पोहोचले आणि रुपर्ट नदीच्या मुखाशी खलाशांनी हिवाळा काढला. त्यांनी बीव्हरची कातडी भरून नेली. युरोपात तेव्हा बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांची फार चाल होती. १६७० साली याच राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. हडसन उपसागराला मिळणाऱ्या साऱ्या नद्यांचा प्रदेश एका कागदाने कंपनीचा झाला. राजाने तो प्रदेश कधी पाहिला नव्हता. पुढे १८७० साली कंपनीने तो कॅनडाला तीन लाख पौंडांस दिला. घेणारा आणि देणारा दोघेही खूश होते. जे तेथे राहत होते त्यांना कोणी विचारले नाही, आणि बहुतेकांना बराच काळ या व्यवहाराचा पत्ताही नव्हता. फोर्ट जॉर्ज हे असेच कंपनीच्या वखारीभोवती वाढलेले गाव. शिकारी हिवाळाभर रानात असत, उन्हाळ्यात कातडी घेऊन बेटावर येत.

जमीन जशी रिकामी ठरवली, तशी पुढे मुलांची डोकीही रिकामी ठरवली गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे वर्म येथे आहे. १९३० नंतरच्या दशकात फोर्ट जॉर्ज बेटावर दोन निवासी शाळा निघाल्या, एक कॅथलिक पंथाची, दुसरी अँग्लिकन. कॅनडाभर अशा शाळांचे जाळे होते. सरकारचा पैसा आणि मिशनऱ्यांची व्यवस्था. मुलांना आईबापांपासून तोडून वर्षातले दहा महिने तेथे ठेवत, केस कापत, स्वतःच्या भाषेत बोलले तर शिक्षा करत. दीड लाखाहून अधिक मुले या शाळांतून गेली. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार यांच्या साक्षी पुढे हजारोंनी झाल्या, आणि कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ साली या साऱ्या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

मौज अशी की, ज्यांना निरक्षर समजून शिकवायला नेले, त्या क्री लोकांना लिहिता-वाचता येत होते! १८४० साली जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने नॉर्वे हाउस येथे क्री भाषेसाठी एक लिपी छापली. एकेका व्यंजनाला एकेक आकृती, आणि ती आकृती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवली की स्वर बदलतो. क्री परंपरा मात्र सांगते की ही लिपी त्यांच्यातल्याच एका पुरुषाला परलोकातून मिळाली. उगम काहीही असो, ती लिपी एका माणसाने दुसऱ्याला शिकवत रानोमाळ पसरली, शाळेवाचून. अभ्यासकांचा असा तर्क आहे की इव्हान्सला ही कल्पना सुचण्यामागे लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचाही हात असावा. व्यंजनावर स्वराची खूण चढवण्याची रीत त्याला देवनागरीवरून ठाऊक होती, असे ते म्हणतात. चिसासिबीत आजही ही लिपी चालते.

मी माझ्या घरातली कॉलेजात आलेली पहिली. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचे शिक्षण' असा रकाना असतो; तेथे मी आडवी रेघ मारते. त्या रेघेचा अर्थ कारकुनाच्या लेखी 'काही नाही' असा होतो. माझी आजी मळणीआधी कणसे निवडून बियाण्याची वेगळी काढते, कोणती का हे सांगते, आणि ते खरे ठरते. पण त्यासाठी अर्जात रकाना नाही. आपल्या शिक्षणाची तुलना मी त्या क्रूर शाळांशी करत नाही, तशी ती होणारही नाही. पण शिकवणाऱ्याने समोरच्याला रिकामे भांडे समजणे ही सवय आपल्याकडेही भरपूर आहे, एवढे आमच्या प्राध्यापकवर्गाची क्षमा मागून लिहिते.

३० एप्रिल १९७१ रोजी क्वेबेकचे मुख्यमंत्री रॉबेर बुरासा यांनी जाहीर सभेत 'शतकातला प्रकल्प' घोषित केला. जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्या अडवून प्रचंड वीज तयार करायची. एक लाख नोकऱ्या देण्याचे निवडणुकीतले आश्वासन डोक्यावर होतेच. ज्यांच्या शिकारीच्या हद्दी बुडणार होत्या त्या क्री लोकांना ही बातमी कळली ती रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून. त्या उन्हाळ्यात मिस्तिसिनी येथे सगळ्या क्री वस्त्यांचे प्रमुख जमले. इतक्या वस्त्या एकत्र बसून बोलण्याची ती पहिलीच वेळ. त्यांत रुपर्ट हाउसचे प्रमुख बिली डायमंड होते, वय बावीस. तेही लहानपणी निवासी शाळेत नेले गेलेले. ज्या इंग्रजीने त्यांची भाषा तोडायचा घाट घातला होता, त्याच इंग्रजीत त्यांनी सरकारी कागद वाचले आणि वडीलधाऱ्यांना क्रीमध्ये समजावून सांगितले. म्हणून त्या शाळांचे समर्थन करणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. घराला आग लागल्यावर विझवायला शिकलो, म्हणून आग लावणाऱ्याचे उपकार मानायचे काय?

प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर १९७२ पासून एकाहत्तर दिवस सुनावणी झाली आणि दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. रानातले शिकारी दुभाष्यासह मॉन्ट्रियलच्या कोर्टात उभे राहिले. सरकारी वकिलांचा रोख असा की, हे लोक आता दुकानातले डबाबंद अन्न खातात, घरांत राहतात, तेव्हा शिकार हे त्यांचे जीवन राहिलेच कोठे? म्हणजे जुने राहिलात तर मागासलेले, आणि नवे घेतलेत तर हक्क गेला! एका शिकाऱ्याला खरे सांगण्याची शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला की, सत्य सांगेन असे वचन देणे मला शक्य नाही. मला जेवढे माहीत आहे तेवढेच मी सांगू शकतो, अशी हकीकत आहे. ज्या दालनात दोन्हीकडचे तज्ज्ञ नकाशे पसरून सगळे माहीत असल्यासारखे बोलत होते, तेथे हे उत्तर दिले गेले.

न्यायमूर्ती अल्बर्ट मालूफ यांनी १५ नोव्हेंबर १९७३ रोजी काम थांबवण्याचा हुकूम दिला. त्या जमिनीवर या लोकांचा हक्क आहे, तिचा वापर ते आजही करतात आणि प्रकल्पाने होणारी हानी भरून निघणारी नाही, असे त्यांनी मानले. एका आठवड्याने, २२ नोव्हेंबरला, वरच्या न्यायालयाने तो हुकूम स्थगित केला. कारण काय? काही हजार लोकांच्या हितापेक्षा लाखो क्वेबेकवासीयांचे हित मोठे. वक्तृत्व स्पर्धेतले तेच वाक्य, न्यायालयाच्या भाषेत. बुलडोझर पुन्हा सुरू झाले.

काम चालू असतानाच वाटाघाटी झाल्या आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी जेम्स उपसागर व उत्तर क्वेबेक करारावर सह्या झाल्या. क्री आणि शेजारचे इनुइट मिळून साडेबावीस कोटी डॉलर भरपाई ठरली. काही जमीन पूर्णपणे त्यांच्याकडे राहिली, आणखी बऱ्याच जमिनीवर शिकारीचा राखीव हक्क राहिला. बाकी साऱ्या मुलखावरचा आपला हक्क त्यांनी सोडून दिला, असे कलम त्यात आहे. या कलमामुळे त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, इतर मूळ जमातींनीही केली. मी ती करणार नाही. गळ्यावर सुरी असताना केलेली सही आणि निवांतपणे केलेली सही एकाच मापाने मोजता येत नाही. शिवाय त्यांनी त्या करारात काय मागून घेतले ते पाहण्यासारखे आहे.

पैशापेक्षा दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. पहिली, शाळा. १९७८ साली क्री शाळामंडळ स्थापन झाले आणि मुलांना काय शिकवायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे, हे ठरवण्याचा अधिकार क्री लोकांच्या हाती आला. दुसरी, शिकाऱ्यांच्या उत्पन्नाची हमी. १९७६ पासून सुरू झालेल्या या योजनेत, जे कुटुंब वर्षातले निदान एकशेवीस दिवस रानात राहून शिकारीवर जगते, त्याला रानात घालवलेल्या दिवसांच्या हिशेबाने रोख रक्कम मिळते. हा दुष्काळी कामावरचा रोजगार नव्हे, भीक नव्हे. रानात राहणे हे एक काम आहे, त्याची किंमत आहे, हे सरकारच्या तोंडून वदवून घेतले. आपल्याकडे विस्थापितांच्या पुनर्वसनात घराची जागा, गोठ्याची जागा, रोख रक्कम यांचा हिशेब असतो. आदिवासीला जंगलात राहणे चालू ठेवता यावे म्हणून कोणी पगार मागितला, तर सभेत हशा पिकेल!

सगळे गोड झाले असे मात्र नाही. कराराने कबूल केलेले पाणी आणि गटारे वेळेवर झाली नाहीत. १९८० साली क्री वस्त्यांत अतिसाराची साथ येऊन तान्ही मुले दगावली. डायमंड यांचा स्वतःचा लहान मुलगाही त्या साथीत गंभीर आजारी पडला. मग ला ग्रांदवरच्या धरणांत दुसऱ्या नद्यांचे पाणी वळवल्यामुळे नदीचा प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला, आणि बेटाचे काठ ढासळतील या भीतीने फोर्ट जॉर्ज उठले. कित्येक घरे पायासकट सुटी करून पलीकडे नेली. घर तेच, पण दारातून दिसणारे पाणी ते नाही.

हिवाळ्यात शहरांना विजेची गरज जास्त, म्हणून हिवाळ्यातच धरणातून पाणी जास्त सोडतात. निसर्गात उलटे असते; हिवाळ्यात नदी आखडते आणि गोठून रस्ता होते. आता मुखाजवळचे बर्फ भरवशाचे राहिले नाही. ज्या वाटेने बापजादे हिवाळाभर नदी ओलांडत गेले, ती वाट धोक्याची झाली. बुडालेल्या जंगलाची माती आणि झाडोरा पाण्यात कुजला आणि त्यातला पारा माशांत उतरला. १९८४ मध्ये तपासणी झाली, तेव्हा चिसासिबीतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात पारा सुरक्षित मर्यादेहून अधिक निघाला. मासे हे त्यांचे रोजचे अन्न, म्हाताऱ्यांचे तर औषधासारखे. ते खाऊ नका, असे डॉक्टरांना सांगावे लागले. एकट्या कॅनियापिस्काऊ जलाशयाने चार हजारांहून अधिक चौरस किलोमीटर व्यापले. आपल्या मुंबईएवढ्या सात मुंबया त्यात मावतील. आणि त्याच १९८४ च्या सप्टेंबर अखेरीस, त्याच लाइमस्टोन धबधब्यापाशी, नदी ओलांडणारे सुमारे दहा हजार कॅरिबू पुरात बुडून मेले. वीजमंडळाने पावसाला दोष दिला, क्री लोकांनी वरून सोडलेल्या पाण्याला. या वेळी वृद्धांनी कोणाला गोष्ट सांगायची?

१९८९ मध्ये पुढच्या टप्प्याची, ग्रेट व्हेल नदीवरच्या धरणांची तयारी सुरू झाली तेव्हा क्री लोक १९७१ चे राहिले नव्हते. तेथे होणारी वीज न्यूयॉर्क विकत घेणार होते. क्री आणि इनुइट यांनी मिळून एक नाव बांधली. तिचा अर्धा घाट क्रींच्या होडीचा, अर्धा इनुइटांच्या कायाकचा. नावही दोन्ही भाषा जोडून ठेवले, ओडेयाक. ती घेऊन ते १९९० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि तुमच्या घरातला दिवा आमच्या नदीवर पेटतो, हे त्या शहराला सांगितले. १९९२ साली न्यूयॉर्कने वीज खरेदीचा करार रद्द केला, १९९४ साली तो प्रकल्प गुंडाळला गेला.

याच सुमारास आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात मणिबेली आणि आसपासची गावे लढत होती. जागतिक बँकेने सरदार सरोवराच्या चौकशीसाठी १९९१ मध्ये जी समिती नेमली, तिचे उपाध्यक्ष कॅनडाचे थॉमस बर्जर होते. याच बर्जर यांनी १९७० नंतरच्या दशकात कॅनडाच्या वायव्येकडील मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायुवाहिनीची चौकशी केली होती. त्यांनी ती राजधानीत बसून केली नाही. पस्तीस वस्त्यांत जाऊन लोकांना त्यांच्या भाषेत बोलू दिले, आणि १९७७ च्या अहवालात काम दहा वर्षे पुढे ढकलावे असे सांगितले. आपल्याकडेही ही समिती धडगाव-अक्कलकुवा भागातल्या गावांत गेली. जून १९९२ च्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींवर कठोर ताशेरे होते, आणि १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. धरण थांबले नाही. तेव्हा क्री लोकांचे उदाहरण घेऊन कोणी म्हणू लागला की लढले की जिंकतातच, तर तेही खरे नाही.

खुद्द क्री लोकांनाही हे कळले आहे. २००२ साली त्यांनी क्वेबेकशी नवा करार केला. पन्नास वर्षांत साडेतीन अब्ज डॉलर आणि जंगलाच्या कामांत वाटा, त्या बदल्यात रुपर्ट नदीचे पाणी वळवायला संमती. या वेळी विचारले गेले, हे मोठेच. पण २००६ मध्ये चिसासिबी, नेमास्का आणि वास्कागानिश या तीन वस्त्यांनी आपापल्या गावात मतदान घेऊन नदी वळवण्याविरुद्ध कौल दिला. तरीही २००९ मध्ये नदी वळली. पैसा सगळ्यांचा आणि नदी मात्र काहींची, असा पेच आपल्याच माणसांत उभा राहिला. मी तेथे असते तर त्या तीन गावांच्या बाजूने मत दिले असते. त्यांच्या नेत्यांना मात्र मी विकाऊ म्हणणार नाही. वाढत्या लोकसंख्येला घरे हवीत, तरुणांना काम हवे, मधुमेह घरोघर आहे आणि त्याला दवाखाने हवेत. रानहंसांवर पाच हजारांचे गाव चालत नाही, हे ते आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

ज्या रस्त्याने १९७० नंतर बुलडोझर उत्तरेकडे गेले, त्या सहाशेहून अधिक किलोमीटरच्या रस्त्याला २०२० साली बिली डायमंड यांचे नाव देण्यात आले. ते स्वतः २०१० मध्ये वारले होते. हा सन्मान की थट्टा, मला सांगता येत नाही.

चिसासिबीच्या शाळेच्या वेळापत्रकातली एक गोष्ट मात्र मला नेमकी कळते. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, रानहंस परत येतात तेव्हा, शाळेला सुमारे दोन आठवडे सुट्टी असते. त्या सुट्टीचे नाव परीक्षेवरून नाही, सणावरूनही नाही. ती हंसांची सुट्टी. मुले, आईबाप, शिक्षकही किनाऱ्यावरच्या तंबूंत जातात. कोणत्या दिवशी बार काढायचा नाही, हे तेथे शिकवले जाते. आणि जुलैमध्ये गाव होड्यांत बसून जुन्या फोर्ट जॉर्ज बेटावर जाते, तेथे तंबू ठोकून काही दिवस राहते. वाडवडिलांची थडगी तेथेच आहेत.